सून तीच, सासर रोज नवं

भाऊबीज सरली की भंडारा-गोंदियात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्री दंडार किंवा खडीगंमत हे लोकनाट्य ठरलेलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या आंबागडला हे वेगळं सांगायला नको. मात्र शहरातला पाहुणा हटकून म्हणतो, "यांचं काही लिहिलेलं नसतं, सगळं आयत्या वेळचं!" म्हणतो कौतुकानं, पण जाणकाराला ते टोचतं.

खडीगंमतीत शाहीर, नाच्या, ढोलकीवाला सगळे उभे. म्हणून बोलणंही उभ्याउभ्या सुचलेलं, असा समज. समजा, शाहीर लुगडं नेसलेल्या नाच्याला विचारतो, "बाई, तुझं सासर कोणतं?" आंबागडात उत्तर येतं, "मिटेवानी!" हशा उसळतो, मग सासूच्या चिक्कूपणाचे किस्से. दुसऱ्या रात्री मिटेवानीत तीच सून आंबागडात नांदते. किस्से तेच.

"म्हणजे पाठांतरच की!" पाहुणा लगेच कोलांटी मारतो. त्याच्या लेखी पाठ असेल तर कला नाही, आणि पाठ नसेल तर मेहनत नाही. सोळाव्या शतकात इटलीत बहरलेल्या 'कॉमेडिया देल आर्ते'चे नटही कथेचा नुसता आराखडा घेऊन उभे राहत, पण हुकमी गमतींचा साठा त्यांच्या गाठीशी असे. साठा वेगळा, त्यातून ऐनवेळी निवडायची सूट वेगळी. साठा जन्मभर जमवायचा. त्यातलं काय काढायचं, ते गर्दीचा रंग पाहून.

छापील संहितेलाही हे चुकत नाही. वसंत सबनीसांचा 'छपरी पलंगाचा वग' १९६५ मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' या नावानं रंगभूमीवर आला. दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवर पदरचे चिमटे काढत. पुस्तक उघडलं तर सबनीस भेटतात. कोंडक्यांच्या त्या जागा नाहीत. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाला दाखवावी लागते. त्या सुनेचं सासर तिथं काय लिहून द्यायचं?

एवढं भांडून झाल्यावर पाहुण्याची एक गोष्ट मान्य करावीच लागते. मिटेवानीचं नावही आकाशातून पडत नाही. कोणत्या गावाशी सोयरीक दाट, कुणाशी जुनी खुन्नस, हे दिवसाउजेडी चहाच्या टपरीवर काढून घेणारा नाच्याच रात्री हजरजबाबी ठरतो. म्हणजे सूटही कमावलेलीच. मग खरोखर आयत्या वेळचं उरतं ते मागच्या रांगेतून कुणी ओरडतं तेवढंच: "अन् नवरा कोनाचा?" नाच्याला त्याचं उत्तर द्यावंच लागतं.