निवड आणि निर्णय

कथा सांगणाऱ्याने सांगत जावे आणि ऐकणाऱ्याने स्वस्थ बसावे, ही रीत आपल्या परंपरेने सर्वस्वी कधीच मान्य केली नव्हती. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरातील वेताळ राजाच्या खांद्यावरून गोष्ट सांगतो आणि गोष्ट संपताच त्याला न्याय विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले व्हावयाची; बोलला, तर प्रेत पुन्हा झाडावर जावयाचे आणि राजाची पायपीट नव्याने सुरू व्हावयाची. श्रोत्यावर उत्तराची सक्ती आहे, आणि ते उत्तर त्याला फुकट मिळत नाही.

राजा मात्र कथेच्या बाहेर उभा राहून न्याय करतो. संगणकाने श्रोत्याला उचलून थेट कथेच्या आत नेऊन ठेवले आहे. अमेरिकेत विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास एका गुहेची कथा संगणकावर रचली आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तिचा विस्तार केला. वाचकाने एक-दोन शब्दांची आज्ञा टंकित करावयाची आणि संगणकाने त्यानुसार पुढचे वर्णन सांगावयाचे, अशी तिची रचना. तेव्हापासून हा कथाप्रकार पुष्कळ वाढला आहे. त्याच्या तंत्राशी येथे आम्हांस कर्तव्य नाही. आमचा प्रश्न नीतीचा आहे : कल्पित कथेत आपण जी निवड करतो, तिला नैतिक निर्णय म्हणता येईल काय?

या प्रश्नासाठी एक उदाहरण आमच्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. लुकास पोप यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘पेपर्स, प्लीज’ या संगणकीय खेळात वाचकाला एका काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवरील तपासनीसाची नोकरी मिळते. समोर खिडकी, हाताशी दोन शिक्के : प्रवेश मंजूर, प्रवेश नामंजूर. नियम रोज बदलतात. वेतन तपासलेल्या माणसांच्या संख्येवर, आणि त्यातूनच घरभाडे, अन्न, ऊब व औषध भागवावयाचे. एके दिवशी एक गृहस्थ येतो. त्याची कागदपत्रे चोख असतात. मागून आपली पत्नी येत आहे, तिच्याशी सौजन्याने वागावे, एवढी विनंती तो करून जातो. पत्नी येते, तिच्याजवळ परवाना नसतो. आता शिक्का वाचकाच्या हाती आहे.

यावर कोणी म्हणेल, ती स्त्री मुळात अस्तित्वातच नाही. मग तिच्यावर अन्याय तो कसला? आक्षेप सयुक्तिक आहे, पण अपुरा आहे. नाटक पाहताना आपण रडतो, तेव्हाही रंगमंचावर कोणी मेलेले नसते. तथापि ते अश्रू खोटे नसतात. नाट्यगृहातील करुणेला मात्र काही खर्च नसतो. या खेळात करुणेचा दर ठरलेला आहे. दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते. तिसरीपासून वेतन कापले जाते. म्हणजे पहिल्या दोघांवर दया दाखविणे सोपे. खरी परीक्षा तिसऱ्या माणसापाशी होते, आणि त्या तिसऱ्याचे दुःख पहिल्याहून यत्किंचितही उणे नसते. आपण दयाळू आहोत की निष्ठुर, हे कळण्यापूर्वी आपली दया कोठे थांबते हे येथे कळते. ‘आम्ही केवळ नियम पाळला’ हे वाक्य ज्यांनी कचेरीत उच्चारले आहे आणि ज्यांनी खिडकीपलीकडे उभे राहून ऐकले आहे, त्या दोघांनाही हे ज्ञान क्षुल्लक वाटणार नाही.

परंतु या कथाप्रकाराला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, वाटा आपण निवडतो, पण आखतो दुसराच. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात राडुझ चिन्चेरा यांचा ‘किनोआटोमॅट’ हा चेक चित्रपट दाखविण्यात आला. मोक्याच्या प्रसंगी चित्रपट थांबे, सूत्रधार मंचावर येऊन प्रेक्षकांना कौल विचारी आणि प्रेक्षक आसनाजवळची हिरवी किंवा तांबडी कळ दाबून बहुमताने पुढचा प्रसंग ठरवीत. मात्र कोणतीही कळ दाबली, तरी अखेर नायकाच्या इमारतीला आग लागतच असे. निर्मात्याने आपल्या स्वातंत्र्याची ती थट्टाच केली होती. दुसरी मर्यादा अशी की, येथे मागे फिरता येते. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये वीस शेवट आहेत आणि कोणत्याही मागील दिवसापासून वाचक पुन्हा आरंभ करू शकतो. आज त्या स्त्रीला परत धाडावे, उद्या आत घ्यावे आणि दोन्ही परिणाम पाहून सोयीचा तो ठेवावा.

निवड आणि निर्णय यांत आम्ही भेद करतो तो येथेच. निवड परत घेता येते. निर्णयाचे उत्तर द्यावे लागते. परतीची वाट मोकळी असेतो वाचकाने केली ती निवडच होय. तिने दृष्टी तीक्ष्ण होईल, जबाबदारीचा अभ्यास मात्र होणार नाही. किंबहुना, पुसता येण्याची सवय जडली तर जबाबदारीची जाणीव बोथट होण्याचाही संभव आहे. या कथांचा खरा लाभ घ्यावयाचा, तर एकदा मारलेला शिक्का वाचकाने स्वतःहून कायम ठेवला पाहिजे.

वेताळाचा अखेरचा प्रश्न येथे आठवतो. त्याचे उत्तर राजाला सापडेना, तेव्हा तो मौन राहिला. आणि त्या प्रामाणिक मौनावरच वेताळ प्रसन्न झाला. ‘मला ठाऊक नाही’ अशी कळ माँट्रियलच्या आसनाजवळ नव्हती आणि सीमेवरील तपासनीसाजवळही नाही. आपल्या मेजावरील छापील तक्त्यातही तो रकाना नसतो. मंजूर आणि नामंजूर यांच्या बाहेरचे काही सुचले, तर ते समासात लिहावे लागते आणि खाली स्वतःची सही करावी लागते. संगणकाला समास वाचता येत नसेल. पण प्रकरण हाती असलेल्या माणसाला तो कोरा ठेवण्याचा अधिकार आहे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.