आजचं मनन: मत्तय 3:16-17

बाप्तिस्मा घेऊन येशू यार्देन नदीतून वर आला आणि पित्याने त्याला आपला प्रिय पुत्र म्हटलं. तोवर मत्तयात त्याचं एक प्रवचन नाही, एक चमत्कार नाही. काहीच ‘डिलिव्हर’ केलेलं नाही! आपलं उलट. अप्रेझलचं रेटिंग आलं की मग ठरवतो, आपण कामाचे की नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म करजगावचा. 1917 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. पगारावर स्वतःची किंमत ठरवली असती, तर जमलं असतं हे?

प्रभू, उद्या मॅनेजरसमोर पगारवाढ नीट मागायला धीर दे. आकडा कमी आला, तरी तुझ्यापुढे मान खाली घालून येऊ नये, एवढं कर. आमेन.