घेतलेली फीत

दिवाळीच्या सुटीत भाच्याने मामाच्या गावाला यावे ही आपली जुनी रीत. मामाने भाच्याकडे जाणे म्हणजे उलटी गंगाच. पण माझी धाकटी बहीण गेली काही वर्षे इंग्लंडात, कॉव्हेंट्री या गावी असते, आणि शाळेमुळे तिच्या मुलाला दिवाळीत इकडे येता येत नाही. तेव्हा २०२४ सालच्या दिवाळीत तिनेच मला तिकीट पाठवले. मॅट्रिकच्या पुढे मजल न गेलेला, लहानशा गावी शाळेत चित्रकला शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मी, चकल्यांचा डबा सांभाळीत विमानात बसलो. तिकडे मी राजवाडे पाहिले, चित्रांची दालने पाहिली, थेम्स नदीही पाहिली. वर्ष सरले, आणि त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहे. स्पष्ट आठवते ती मात्र दीड वितीची एक रंगीत फीत. तिच्याविषयीच मला आज लिहायचे आहे.

भाचा सात वर्षांचा. शाळेच्या आठ वर्षांखालील मुलांच्या टॅग रग्बी संघात तो होता. सप्टेंबरात सुरू झालेला हंगाम नाताळपर्यंत चालायचा होता. रग्बी हे नाव ऐकून मी जरा दचकलोच. चिखलात एकमेकांवर कोसळणारे आडदांड गडी मी चित्रांत पाहिले होते.

बहीण हसून म्हणाली, "दादा, घाबरू नकोस. या वयात अंगाला अंग लावूच देत नाहीत."

आणि खरोखरच तसे होते. प्रत्येक मुलाच्या कमरेला एक पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फीत चिकटवलेली. तिलाच टॅग म्हणतात. एका बाजूला सहा मुले. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळत सुटायचे आणि पलीकडच्या रेषेपाशी तो जमिनीला टेकवायचा. पळणाऱ्याला अडवायचे असेल तर त्याला पकडायचे नाही, ढकलायचे नाही. फक्त त्याच्या कमरेची फीत ओढून काढायची. फीत निघाली की काढणाऱ्याने ती हात उंच करून दाखवायची आणि "टॅग!" म्हणून ओरडायचे. मग पळणाऱ्याने थांबून चेंडू आपल्या जोडीदाराकडे टाकायचा, आणि तोही मागेच, पुढे नाही. म्हणजे पुढे जायचे तर ज्याचे त्याने पळावे, पण अडल्यावर मागून येणाऱ्या सोबत्याकडे वळून पाहावे.

इथवर मला हा खेळ आपल्या शिवाशिवीचा परदेशी चुलतभाऊ वाटला. पण पुढे मी जे पाहिले त्याने मी बाकावर सावरून बसलो.

पहिलाच सामना. थंडी मी म्हणत होती, गवत ओले होते. भाच्याने समोरच्या एका तांबूस केसांच्या मुलाची फीत ओढली, उंच धरली, ओरडला. चेंडू दुसऱ्याकडे गेला आणि खेळ पुढे सरकला. माझा भाचा मात्र चेंडूच्या मागे धावला नाही. त्या मुलापाशी उभा राहून त्याने ती फीत त्याच्या हातात दिली. त्याने ती आपल्या पट्ट्याला चिकटवली, आणि मगच दोघे पळाले.

घरी येताना मी विचारले, "काय रे, तू त्याला फीत परत का दिलीस? तेवढ्यात चेंडू पुढे गेला की!"

"मामा, द्यायचीच असते," तो म्हणाला. "नाही दिली तर मला खेळता येत नाही. त्यालापण नाही."

नियमच तसा आहे. फीत परत दिल्याशिवाय घेणाऱ्याला खेळात भाग नाही, आणि ती लावल्याशिवाय गमावणाऱ्यालाही नाही. खेळ त्यांच्यासाठी थांबत नाही. तो क्षणभराचा तोटा सोसूनच फीत परत द्यायची. पुढच्या बुधवारच्या सामन्यात एका मुलाने घाईघाईने फीत चिखलात टाकली आणि पळाला. पंच असलेल्या बाईंनी शिट्टी वाजवली, त्याला मागे बोलावले, फीत उचलायला लावली आणि ज्याची त्याच्या हातात द्यायला लावली. रागावल्या मुळीच नाहीत. चेंडू मात्र दुसऱ्या बाजूला दिला.

मी खेळाच्या तासाला मुलांना अनेक वर्षे मैदानावर घेऊन जात आलो आहे. गावच्या शाळेत चित्रकलेच्या मास्तराच्या गळ्यातही शिट्टी पडतेच. जिंकायचे कसे हे मी पुष्कळ मुलांना सांगितले. जिंकताना दुसऱ्याचे काय आणि किती घ्यायचे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सात वर्षांच्या पोराने तो माझ्यापुढे टाकला.

विचार करता मला आपल्या हुतुतूची आठवण झाली. कबड्डीचे तीन प्रकार जुन्या खेळाडूंना ठाऊक आहेत. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. संजीवनीत आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो. आणि अमर नावाच्या प्रकारात गडी बाद झाला तरी बाहेर जात नाही. समोरच्यांना गुण मिळतो, गडी आपला जागच्या जागी. ज्यांनी ही नावे ठेवली ते कुणी तत्त्वज्ञ नसतील, पण माणसामाणसांतल्या झगड्याचे तिन्ही प्रकार त्यांनी नेमके ओळखले होते. हरलेल्याला बाहेर काढावे, त्याच्या सोबत्यांच्या पराक्रमाने त्याला परत घ्यावे, की त्याचा गुण घ्यावा आणि त्याला मैदानातच राहू द्यावे?

टॅग रग्बी या अमर प्रकाराची धाकटी बहीण आहे, आणि तिने एक पाऊल आणखी टाकले आहे. इथे हरलेल्याला मैदानात राहू देण्याचे काम पंचाकडे नाही. ज्याने त्याला अडवले त्याच्याच हातांनी ते व्हावे लागते.

एका रविवारी मेहुण्यांनी मला रग्बी गाव दाखवायला नेले. कॉव्हेंट्रीपासून ते आगगाडीने अगदी जवळ आहे. तिथली शाळा १५६७ साली लॉरेन्स शेरिफ नावाच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या देणगीतून निघाली. शाळेबाहेर चेंडू घेऊन पळणाऱ्या एका मुलाचा पुतळा आहे. विल्यम वेब एलिस हे त्याचे नाव. हकीकत अशी सांगतात की १८२३ साली या मुलाने चेंडू झेलला आणि तो हातात घेऊन सरळ पुढे पळत सुटला. झेलायला तेव्हा परवानगी होती, झेलून पुढे पळायला नव्हती. हा नियमभंग म्हणजेच रग्बीचा जन्म! आता ही हकीकत छापून आली ती १८७६ साली, एलिस वारल्यावर चार वर्षांनी. त्यामुळे जाणकार तिच्यावर फारसा भरवसा ठेवीत नाहीत. पण याच शाळेतल्या मुलांनी १८४५ साली आपल्या खेळाचे नियम स्वतः लिहून काढले, हे मात्र पक्के. पुतळा नियम मोडणाऱ्याचा झाला. नियम लिहायला बसलेल्या मुलांची नावे कितीजणांना सांगता येतील? जग असेच आहे. मला मात्र त्या मुलांचे कौतुक वाटले. मोडणे एका उसळीचे काम. लिहिणाऱ्याला आधी कबूल करावे लागते की उद्या हा नियम माझ्याविरुद्धही लागू होणार आहे.

तिथेच मेहुण्यांनी कलकत्ता चषकाची गोष्ट सांगितली. कलकत्त्यातल्या इंग्रजांचे रग्बी मंडळ बंद पडले, तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक काढली, चांदीचे २७० रुपये वितळवले आणि १८७८ साली त्यांचा एक चषक घडवला. त्याला नागांच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळत आले आहेत. खेळाने दिले ते खेळाला परत, ही भावना चांगलीच. पण ते रुपये मुळात कुणाच्या घामाचे, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही. ज्या देशात मुलांना फीत परत द्यायला इतक्या काळजीने शिकवतात, त्या देशाच्या थोरांनी आमच्याकडून घेतलेले किती परत दिले? मी हे बोललो तेव्हा मेहुणे हसले. हसण्यासारखा मात्र प्रश्न नव्हता. लहानपणी शिकवलेले थोरपणी टिकते का, हाच तो प्रश्न.

इथे कोणी म्हणेल, अहो, हा सगळा पोरखेळ आहे. आणि ते खरे आहे. तिकडे नवव्या वर्षाच्या सुमाराला फिती सुटतात आणि अंगाला अंग भिडू लागते. पुढे जग तर धक्क्याबुक्क्यांचेच. शिवाय नियमाच्या धाकाने परत देणे यात पुण्य ते कसले? भाच्याला काही त्या तांबूस केसांच्या मुलाची दया आली नव्हती. त्याला फक्त पुन्हा खेळायचे होते.

हा आक्षेप मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. मला वाटते, बहुतेक चांगल्या गोष्टी आपल्याकडे हातापायांतून येतात आणि मनापर्यंत मागाहून पोचतात. आजीने मान दाबून नमस्कार करायला लावला तेव्हा आपल्या मनात भक्ती कुठे होती? हात जोडायची सवय आधी लागली. कधीतरी कुणापुढे ते हात खरेच जोडावेसे वाटले, तेव्हा ते जोडायचे कसे हे ठाऊक होते एवढेच. नियम चांगुलपणा देत नाही. चांगुलपणा येईल तेव्हा त्याला वाट करून ठेवतो. आणि नियम नसेल तिथे काय होते, ते सांगायला मला परदेशी जायला नको.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या कबड्डी सामन्यांत आमची शाळा अंतिम फेरीत आली होती. शेवटची मिनिटे, गुण बरोबरीत. समोरचा गडी दम घालीत आला, पाय लांबवून परत गेला. पंचांनी कुणालाच बाद दिले नाही. तेवढ्यात आमच्या संघातल्या एका काटकुळ्या मुलाने हात वर केला. "माझ्या पोटरीला लागलं," म्हणाला, आणि आपण होऊन बाहेर गेला. आम्ही एका गुणाने हरलो.

परत येताना टेम्पोत, सगळ्या मुलांच्या देखत मी त्याला म्हणालो, "एवढा सत्यवादी असशील तर देवळात जाऊन बस. मैदानात कशाला येतोस?" मुले हसली. वर्षभर ती त्याला हरिश्चंद्र म्हणत. पुढच्या वर्षी त्याने संघात नाव दिले नाही, आणि मीही त्याला बोलावले नाही. नववीनंतर त्याने शाळा सोडली. त्याला घरची कारणे होती, सगळे माझ्या माथी मारू नये, असे मी स्वतःला सांगत आलो. तरीही एवढे खरे की त्या मुलाने आपला नसलेला गुण प्रामाणिकपणे परत दिला, आणि मी त्याची मैदानातली जागा काढून घेतली. मास्तराला मुलाची चूक अडवण्याचा अधिकार आहे. त्या दिवशी तर चूकही त्याची नव्हती.

अडवणे आणि बाहेर काढणे यांतला फरक मला कॉव्हेंट्रीच्या ओल्या गवतावर कळला. परीक्षेत नापास करणे, रागावणे, वादात खोडून काढणे, निवडणुकीत हरवणे ही सारी फीत ओढणेच आहे. त्यावाचून जग चालायचे नाही. पण फीत ओढल्यावर ती हातात धरून आपण कितीदा तसेच उभे राहतो! सासू सुनेची चूक वर्षानुवर्षे जपून ठेवते, भाऊ भावाचा एक शब्द. फीत आपल्या मुठीत आहे तोवर तो तर खेळाबाहेर असतोच, पण आपणही असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

भाच्याच्या शाळेचा संघ त्या हंगामात जिंकला कमी आणि हरला जास्त, असे बहिणीने नाताळात दूरध्वनीवर सांगितले. भाचा संघातला सर्वांत सावकाश पळणारा. पण प्रत्येक मुलाला निदान अर्धा वेळ खेळवायचे असा तिकडच्या संघटनेचा दंडक आहे, त्यामुळे तो प्रत्येक सामन्यात उतरला.

इकडे परतल्यावर मी एका बाजारच्या दिवशी तालुक्याला गेलो. तो मुलगा आता चाळिशीकडे झुकला आहे. एस.टी. स्थानकाजवळ त्याचे पंक्चर काढण्याचे दुकान आहे. मला पाहून तो उठला, ओले हात पुसून पाया पडला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी म्हणालो, "त्या सामन्यात तुझं बरोबर होतं. चुकलं ते माझं."

कोणता सामना, असे त्याने विचारले नाही. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून तो बुडबुडे पाहत राहिला.

"एका गुणानं गेला होता, गुरुजी," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "धाकटा पोरगा जूनला पाचवीत येतोय तुमच्याकडं. बरा पळतो."

तो मुलगा आता माझ्या वर्गात आहे. वीस वर्षांनी परत दिलेली फीत बापाच्या कमरेला चिकटली की नाही, मला सांगता येणार नाही. पण संध्याकाळी मैदानावर मुले जमली की मी त्या पोराला नावाने हाक मारतो, आणि तो धावत येतो.