कुणाला त्रास नको

आमच्या घरात गेली तीन वर्षे एक इलेक्ट्रिक गिटार रोज वाजते आणि ती कुणालाही ऐकू येत नाही. मुलगा खिडकीशी बसलेला असतो, कानांवर हेडफोन, मान डोलते आहे. त्याच्या कानांत त्या क्षणी एखादे सभागृह दणाणत असेल. माझ्या कानी पडते ती तारांवर पिक आपटल्याची कोरडी टिकटिक. पाल चुकचुकावी तेवढीच.

हे मीच ओढवून घेतले. आम्ही बेळगावच्या वडगाव भागात राहतो. मागांचा खडखडाट इथे पाळण्यापासून कानांवर असतो. त्याला कुणी आवाज म्हणत नाही, कारण त्यावर चुली पेटतात. गिटारवर अजून कुणाची चूल पेटलेली नाही. मुलाने जुना अ‍ॅम्प आणला त्याच आठवड्यात शेजारच्या अक्का दारात आल्या. त्यांचे यजमान तेव्हा अंथरुणाला खिळलेले. रागावल्या मुळीच नाहीत. "तम्मा, स्वल्प सावकाश," एवढेच म्हणाल्या आणि जाताना कडीपत्त्याची डहाळी देऊन गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोटाला चिमटा घेऊन मी 'मॉडेलर' नावाची पेटी घेऊन दिली.

ही पेटी करते काय? पूर्वीच्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह असत, आपल्या जुन्या रेडिओत असत तसेच. त्यांना सोसवेल त्यापेक्षा जास्त जोर लावला की आवाज फाटतो. हा खरे तर दोष. पण वादकांना तो दोषच आवडला. 'द किंक्स' या लंडनच्या बँडमधील डेव्ह डेव्हिस याने तर १९६४ साली आपल्या लहानशा अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद पात्याने चिरला आणि त्याच आवाजात गाणे ध्वनिमुद्रित केले. मात्र व्हॉल्व्हचा तो फाटका आवाज हवा तर अ‍ॅम्प मोठ्यानेच वाजवावा लागे. मॉडेलर व्हॉल्व्ह, स्पीकर, त्यापुढचा मायक्रोफोन या सगळ्यांचे वागणे गणिताने मांडतो आणि तोच फाटका आवाज कुजबुजीएवढ्या पातळीवर हातात ठेवतो.

मग हा आवाज खोटा का? माझे एक स्नेही या प्रश्नावर तासभर वाद घालतात. मला त्यात फार रस नाही. हार्मोनियमवर मींड निघत नाही, तिचे सूर आपले नव्हेत, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढले, ते १९७१ पर्यंत. त्याच हार्मोनियमवर रामभाऊ विजापुरे यांनी या बेळगावात पिढ्या घडवल्या. खऱ्याखोट्याचा निकाल यंत्र उघडून लागत नाही, हे आपल्याला तरी कुणी सांगायला नको.

मला छळतो तो दुसराच प्रश्न. कुणाला त्रास न देणे म्हणजे चांगले वागणे, असे आम्ही शिक्षक मंडळी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. पण त्रास काढून टाकताना त्याच्याबरोबर आणखी काय जाते, ते पाहिले नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला आणि गवयाची मोठी सोय झाली. तो बेसूर होत नाही, कंटाळत नाही, चहा मागत नाही. परंतु गुरूच्या मागे बसून मिरजेचा तानपुरा छेडणारा शिष्य, बोटे दुखत असताना, जे ऐकत असे ते त्याला कुणी वेगळे शिकवत नव्हते. सोय झाली आणि त्याची ती बसायची जागाच गेली.

अक्कांचे यजमान गेल्या वर्षी निवर्तले. दिवस झाल्यावर एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी विचारले, "मास्तर, पोरानं वाजवायचं सोडलं काय हो?" मी म्हटले, "नाही, रोज वाजवतो. यंत्र आणलंय, बाहेर ऐकू येत नाही." त्या जरा थांबल्या. "ते एका ठिकाणी सारखा अडकायचा बघा, वर चढताना. आमचे हे पडल्या पडल्या म्हणायचे, आता अडकणार बघ. तिथनं पुढं गेला काय?"

मला उत्तर देता आले नाही. एका भिंतीपलीकडचा आजारी माणूस माझ्या मुलाची चूक ओळखत होता, तिची वाट पाहत होता. आणि एका खोलीत बसून मला ती ठाऊक नव्हती. अर्थात, त्या माणसाला शांतता हवी होती हेही तितकेच खरे. तेव्हा पेटी घेतली ते चुकले, असे मला आजही म्हणवत नाही.

मुलाला सांगितले. तो हसला नाही. "त्यांना कसं कळलं, बाबा?" एवढेच विचारले. मग हेडफोनची वायर काढून त्याने एक लहान स्पीकर जोडला, आवाज बेताचा ठेवला आणि ती जागा वाजवली. अडकला. पुन्हा वाजवली. पलीकडे अक्कांच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.