धुळीपलीकडची साक्ष

डोळ्यांना जे दिसत नाही, ते नाहीच असे म्हणावे काय? आणि यंत्राने जे दाखवले, ते 'पाहिले' असे म्हणता येईल काय? दरवर्षी रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांत येतोच. पालीसारख्या किनाऱ्यावर पश्चिमेला समुद्रापर्यंत आकाश मोकळे असते, तरी दमट हवेत चाँद हुकतो आणि वाद सुरू होतो.

खगोलशास्त्रापुढेही हाच प्रश्न आहे. उर्दूतला सहाबिया आणि मराठीतला तेजोमेघ, दोन्ही शब्दांत ढगच आहे. हा ढग वायू आणि धुळीचा असतो. मायक्रॉनहूनही बारीक असलेली ही धूळ दृश्य प्रकाश अडवते, त्यामुळे आत जन्मणारे तारे झाकले जातात. अवरक्त किरणांची तरंगलांबी मोठी असल्याने ते धुळीतून बरेचसे निसटून येतात. मात्र आपल्या हवेतली वाफ त्यांना शोषून घेते. म्हणून कुलाब्याच्या समुद्राकाठी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे 'टिरस्पेक' हे उपकरण २०१३ मध्ये लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील दुर्बिणीला बसवले गेले.

अशा चित्रांतले रंग मात्र माणसाने नेमून दिलेले असतात. साधारणपणे लहान तरंगलांबीला निळा, मोठीला तांबडा. मग ही खोटी साक्ष झाली काय? आम्हाला तसे वाटत नाही. रंग कसा दिला हे उघड सांगितले तर ते भाषांतर ठरते. लपवले तर फसवणूक.

अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास देवयानी तारकासमूहात एक लहानसा ढग नोंदवला. तो ढग नसून स्वतंत्र दीर्घिका आहे, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. तरी त्यांची साक्ष खोटी ठरली नाही, कारण त्यांनी दिसले तेवढेच लिहिले होते.

आपल्याला मात्र दोन प्रकारची घाई असते. एक, दिसले नाही म्हणून नाकारण्याची. दुसरी, प्रत्येक नव्या शोधावर 'हे आमच्याकडे आधीच सांगितले आहे' असे म्हणण्याची. दोन्हींत पाहण्याचे कष्ट वाचतात.

आणि ती धूळ नुसता पडदा नाही. तारे आणि ग्रह त्याच धूळ-वायूतून घडतात. माणूस मातीपासून घडला असे मानणाऱ्यांनी तरी धुळीला कमी लेखू नये. ईदच्या चाँदवरून भांडण्याआधी साक्षीदाराला एवढेच विचारावे: काय पाहिले, कशाने पाहिले आणि कुठपर्यंत पाहिले? उत्तर प्रामाणिक असेल, तर डोळा की दुर्बीण हा वाद पुष्कळसा निवळेल.