हलाल, पण तय्यिब?

पाकिटावर हलालची मोहोर दिसली की आपण निश्चिंत होतो. परंतु पवित्र कुरआनने सूरह बकराच्या 168व्या आयतीत समस्त मानवजातीला संबोधताना ‘हलाल’ला जोडूनच ‘तय्यिब’ हा शब्द योजला आहे. हलाल म्हणजे वैध. तय्यिब म्हणजे शुद्ध, हितकर. पहिल्याची चौकशी आपण थेट कसायापर्यंत जाऊन करतो, दुसऱ्याची कोणालाच विचारत नाही.

वेफर्स वा शीतपेय सरसकट हराम ठरवण्याचा अधिकार मला नाही. अल्लाहने जे निषिद्ध केले नाही ते निषिद्ध म्हणणे हाही अपराधच. प्रश्न प्रमाणाचा आणि सवयीचा आहे. 300 मिलिलिटर कोलापेयात सुमारे 30 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सुमारे 25 ग्रॅमच्या आत राहणे अधिक हितावह मानते. रमजानात दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटात आपण खजुरापाठोपाठ हेच ओततो, वर तळलेले समोसे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही प्रेषितांची (स.) शिकवण नेमकी मगरिबच्या अजानसरशी विसरली जाते.

शरीर ही अमानत आहे, हे आपण ऐकत आलो. मुलाचे शरीर तर अधिकच, कारण त्याला अजून निवड करता येत नाही. रडणे थांबावे म्हणून पाच रुपयांचे पाकीट त्याच्या हाती देताना आपण त्याचा हट्ट पुरवतो, की स्वतःची सुटका करून घेतो? आणि हा भार डबा भरणाऱ्या आईवर टाकून बाप मोकळा होऊ शकत नाही; ते पाकीट बहुधा तोच घेऊन येतो.