एका वर्षाची तहकुबी

यवतमाळला १९५३ पासून तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. १९८३ साली ती पुण्याला गेली. ठिकठिकाणचे होऊ घातलेले पाळक इथे शास्त्र शिकले, उपदेश करायला शिकले. पण मंडळीत रुजू झाल्यावर पाळकाच्या दारी येतं ते बहुधा शास्त्रातलं कोडं नसतं. माहेरी निघून गेलेली सून येते, दारूपायी घर बुडवणारा नवरा येतो.

मोडत्या संसाराचा हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाच्या पायातच आहे. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला आणि बायको सोवळ्यातच राहिली, तर संसाराचं काय? धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदासाठी १८६६ साली कायदा झाला. बायको नांदायला नकार देत असेल तर न्यायाधीशाने दावा वर्षभर तहकूब ठेवावा आणि मधल्या काळात दोघांची भेट घडवावी, अशी त्यात तरतूद होती. नकार खरोखर तिचा आहे की माहेरच्यांनी वदवून घेतलेला, हे त्या भेटीत पाहायचं. काडीमोड देण्यासाठी केलेल्या कायद्यात समुपदेशनाचं हे बीज सापडावं, याची मला गंमत वाटते.

त्याच्या कितीतरी आधी प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला सल्ला दिला होता: विश्वास न ठेवणारी बायको नांदायला राजी असेल तर तिला टाकू नये, तिला जायचंच असेल तर जाऊ द्यावं. यातला दुसरा भाग उपदेशात क्वचितच ऐकू येतो.

असाच प्रसंग कवी नारायण वामन टिळकांच्या घरी आला. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन आपल्या माणसांत राहिल्या. टिळक कोर्टाची पायरी चढले नाहीत. त्यांची पत्रं येत राहिली. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या, त्या हिंदू राहूनच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. टिळक तापट होते, लहरी होते, हातात पैसा टिकू देत नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हे काहीही झाकलेलं नाही. तरी तो संसार पुन्हा उभा राहिला, कारण परत येण्यासाठी बाईला आधी आपली श्रद्धा गहाण ठेवावी लागली नाही. ख्रिस्ती समुपदेशनाचं याहून चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही, आणि त्यात समुपदेशक कुणीच नव्हता.

या परंपरेची दुसरी बाजू कडू आहे. विवाह पवित्र, म्हणून सोस, क्षमा कर, प्रार्थना कर, असं बाईलाच सांगितलं गेलं. कायदाही तसाच होता: ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा त्यागही दाखवावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये हा भेद नाकारला. संसदेला दुरुस्ती करायला २००१ उजाडलं. इफिसकरांच्या पत्रातलं पत्नीने पतीच्या अधीन असण्याचं वचन सर्वांना पाठ असतं. त्याच्या लगेच आधीचं, दोघांनी एकमेकांच्या अधीन असण्याचं वचन फारसं कुणी काढत नाही.

शिवाय मंडळी लहान. मंगळवारी ज्याच्यापुढे रडायचं, तोच रविवारी व्यासपीठावर उभा. आपलंच दुखणं उपदेशात दृष्टांत होऊन येईल, या धास्तीने कितीतरी बाया गप्प बसत असतील. आणि यवतमाळ हा कापसाचा जिल्हा आहे. इथलं नवराबायकोचं भांडण पुष्कळदा सावकाराच्या वहीत सुरू होतं. ती वही न पाहता नुसतं वचन वाचून दाखवणारा पाळक अर्ध्याच घराशी बोलत असतो.

म्हणून पाळकसाहेबांना एवढीच विनंती: दोघांना समोरासमोर बसवण्याआधी बाईचं एकटीचं ऐकून घ्या. अंगावर वळ दिसला तर प्रार्थना नंतर, आधी दवाखाना आणि पोलीस ठाणं.